कऱ्हाडची लेक, कल्याणची राणी

चंदलदेवी कऱ्हाडची. साडेनऊशे वर्षांपूर्वी लग्न होऊन ती कल्याणला आली. हे कल्याण मुंबईजवळचं नव्हे. आमच्या बीदर जिल्ह्यातलं, आज ज्याला बसवकल्याण म्हणतात ते. माझंही माहेर कऱ्हाडकडचं, कृष्णाकाठचं, आणि सासर बीदरला लागून असलेलं कोळार. त्यामुळे या राणीबद्दल मला जी माया आहे ती नुसती पुस्तकातून आलेली नाही. माहेर सोडून ज्या मुलखात मी संसार केला, त्याच मुलखात तीही आली होती. फरक एवढाच की तिचं सासर अर्ध्या दख्खनवर राज्य करत होतं.

मी शाळेत इतिहास शिकवायची. पाठ्यपुस्तकात तिचा नवरा, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य, एका परिच्छेदात यायचा आणि जायचा. त्यानं स्वतःच्या नावाचा शक सुरू केला, पन्नास वर्षं राज्य केलं, बस. राण्यांना त्या परिच्छेदात जागा नव्हती. निवृत्त झाल्यावर मी चंदलदेवीचा माग काढायला लागले, तेव्हा दिसलं की तिची नोंद चांगली दोन प्रसिद्ध संस्कृत ग्रंथांत आहे. मात्र दोन्हीकडे ती फक्त सुंदर आहे. ती काय करायची, काय जाणायची, हे सांगायला दगडावरचे कानडी लेख लागतात. हा लेख मी लिहिते आहे तो त्या दगडांच्या बाजूनं.

आधी तिचं माहेर सांगते. कऱ्हाड-कोल्हापूरकडे तेव्हा शिलाहारांचं राज्य होतं. शिलाहारांच्या तीन शाखा: एक ठाण्याकडे उत्तर कोकणात, एक दक्षिण कोकणात आणि ही घाटावरची. कोल्हापूरची महालक्ष्मी त्यांचं दैवत आणि सोन्याचा गरुड त्यांच्या ध्वजावर. आपण मूळचे तगर नगरीचे धनी, असं ते लेखांत अभिमानानं लिहून ठेवत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. वंशाची कथा त्याहून मोठी. विद्याधरांचा राजकुमार जीमूतवाहन यानं गरुडाच्या तोंडी जाणाऱ्या एका नागाला वाचवण्यासाठी स्वतः वधशिळेवर जाऊन आपलं अंग गरुडापुढे ठेवलं, त्याचे आम्ही वंशज, असं हे घराणं सांगायचं. दुसऱ्याच्या जिवासाठी स्वतःला देणारा पूर्वज निवडावा, यात मला त्या घराण्याचं मन दिसतं.

इतिहासकार चंदलदेवीला मारसिंह या शिलाहार राजाची मुलगी मानतात. मारसिंहाचा १०५८ सालचा ताम्रपट मिरजेला मिळाला आहे. गुवल, बल्लाळ, भोज आणि गंडरादित्य हे त्याचे मुलगे, म्हणजे तिचे भाऊ. त्यांतला गंडरादित्य मला फार आवडतो. त्यानं मिरजेच्या परिसरात मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांच्या मूर्ती बसवल्या. ज्या घरात भाऊ असा, त्या घरातली बहीण मनानं कोती असेल असं मला वाटत नाही.

या शिलाहारांचे बरेचसे लेख कानडीत आहेत. मी कोळारला आले तेव्हा सासूबाई घरात मराठी बोलायच्या, शेजारच्या अक्कांशी कानडी आणि बांगड्या भरायला येणाऱ्या चाचांशी दखनी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. पहिल्या येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडव पुजले, आंबील आणि भज्जी पुढ्यात आली, तेव्हा हे सगळं मला परमुलखातलं वाटलं होतं. चंदलदेवीला तसं वाटलं नसावं. माहेरच्या दरबारात ती कानडी ऐकतच वाढली असणार. कऱ्हाड आणि कल्याण यांच्यामध्ये तेव्हा राज्यांच्या सीमा होत्या, पण भाषेचं कुंपण नव्हतं. आपण आज जी सीमा बघतो ती तर कालपरवाची. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर बीदर जिल्ह्यातच होते.

आता सासर. चालुक्यांची राजधानी आधी मान्यखेटला होती. ते आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. विक्रमादित्याचे वडील पहिला सोमेश्वर, बिरुद आहवमल्ल, यांनी ती कल्याणला आणली. चोळांशी लढण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि १०६८ साली असाध्य ज्वरानं पछाडल्यावर त्यांनी तुंगभद्रेत कुरुवत्तीला जलसमाधी घेतली. गादीवर थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर बसला. धाकट्या विक्रमादित्यानं चोळ राजा वीरराजेंद्र याच्याशी सोयरीक केली, त्याची मुलगी केली, आणि १०७६ साली थोरल्या भावाला कैद करून गादी घेतली. पुढे त्याचा धाकटा भाऊ जयसिंह त्याच्यावरच उलटला. भावाभावांची ही कथा आमच्या गल्लीतल्या कुठल्याही शेतवाटणीच्या भांडणाइतकी ओळखीची आहे. फक्त बांधाच्या जागी नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख होता.

आणि हे सगळं ज्यानं काव्यात बसवलं तो बिल्हण. हा काश्मीरचा, श्रीनगरजवळच्या खोनमुष गावचा. तरुणपणी घर सोडून तो मथुरा, कनौज, प्रयाग, काशी करत हिंडला, चेदीच्या कर्णाच्या दरबारी राहिला, गुजरातेत गेला, सोमनाथ आणि रामेश्वर केलं आणि शेवटी कल्याणला आला. विक्रमादित्यानं त्याला विद्यापती ही पदवी दिली. त्याचं ऋण फेडायला बिल्हणानं अठरा सर्गांचं ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिलं. हे काव्य आपल्याकडून जवळजवळ हरवलंच होतं. मुंबई इलाख्याच्या नोकरीतला जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर १८७४ साली जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारात गेला, तिथं त्याला याची ताडपत्रं सापडली. सोबत हेर्मान याकोबी होता. दोघांनी तिथंच बसून ते उतरवून घेतलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईत ते छापून निघालं. बीदरच्या राजाची आणि कऱ्हाडच्या लेकीची गोष्ट वाळवंटातल्या जैन मुनींनी सांभाळली, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

बिल्हण पुरेपूर राजाचा कवी आहे. ब्रह्मदेवानं संध्या करताना ओंजळीतल्या पाण्यातून एक वीर निर्माण केला आणि त्याच्यापासून चालुक्य झाले, असं तो सुरुवातीलाच सांगतो. थोरल्या भावाला गादीवरून काढणं हे पाप वाटू नये म्हणून तो प्रत्यक्ष शंकराला पुढे करतो. देवच आज्ञा करतो तिथं विक्रमादित्य काय करणार! अशा कवीनं राणीबद्दल लिहिलेलं आपण किती धरून चालायचं, हे वाचकानं आधीच ठरवून ठेवावं.

राज्याभिषेकानंतर काव्यात चंदलदेवी येते. बिल्हण तिला चंद्रलेखा म्हणतो. कऱ्हाडच्या राजाची मुलगी पार्वतीच्या आदेशावरून स्वयंवर करणार आहे, अशी बातमी कल्याणला पोचते. आठव्या सर्गात तिच्या रूपाचं नखशिखान्त वर्णन आहे. नवव्यात स्वयंवर. अयोध्या, चेदी, कनौज, माळवा, गुजरात, पांड्य, चोळ अशा देशोदेशींचे राजे बसले आहेत, दासी एकेकाची ओळख करून देते आहे, आणि ती सगळ्यांना ओलांडून विक्रमादित्याच्या गळ्यात माळ घालते. कालिदासाच्या रघुवंशातलं इंदुमतीचं स्वयंवर ज्यांनी वाचलं असेल, त्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. चोळ राजा कऱ्हाडच्या मांडवात येऊन नकार घेऊन परत गेला, हे इतिहास म्हणून मला पटत नाही. विक्रमादित्याला पश्चिम घाटाच्या तोंडाशी भरवशाचा सोयरा हवा होता, शिलाहारांना सम्राटाचं छत्र हवं होतं; लग्न त्यातून झालं असणार. त्यापुढचे कितीतरी सर्ग वसंत, जलविहार, मद्यपान आणि शृंगार यांत जातात. चंद्रलेखा तिथं सगळीकडे आहे आणि एक शब्दही लक्षात राहील असा बोलत नाही. निदान तिला नाव तरी आहे. तुंगभद्रेकाठी जिच्याशी आधी लग्न झालं त्या चोळ राजकन्येचं नावही कवी देत नाही.

दुसरी नोंद त्याहून विलक्षण. काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणानं बाराव्या शतकाच्या मध्याला ‘राजतरंगिणी’ पुरी केली. त्याच्या सातव्या तरंगात काश्मीरचा राजा हर्ष येतो. हा १०८९ ते ११०१ पर्यंत गादीवर होता. विद्वान, गाणारा, कपड्यांचा शौकीन आणि पुढे पुढे देवळं लुटणारा. त्याला दक्षिणेकडच्या तऱ्हांचं वेड होतं, इतकं की त्यानं कर्नाटकाच्या नाण्यांसारखी नाणी पाडली. हत्तीचं चित्र असलेली त्याची नाणी आजही सापडतात. या हर्षानं कर्नाटकचा राजा पर्मांडी याच्या राणीचं, चंदलेचं, चित्र पाहिलं. पर्मांडी म्हणजे आपला विक्रमादित्यच. पेर्माडी हे त्याचं दुसरं नाव. चित्र बघून हर्ष वेडा झाला. त्यानं भर दरबारात शपथ घेतली की पर्मांडीचा नाश करून मी हिला आणीन, आणि तोवर कापूर वर्ज्य केला. भाटांनी त्याचे पोवाडे गायले. मदन नावाच्या त्याच्या सेनापतीनं तर त्या चित्राचा कारभारी म्हणून पद घेतलं आणि चित्रातल्या राणीच्या वस्त्रं-दागिन्यांसाठी राजाकडून पैसे उकळले. कल्हण हे सगळं लाज वाटून लिहितो. काश्मिरी फौज कल्याणवर आलीच नाही, येणं शक्यही नव्हतं. ११०१ साली हर्ष बंडात मारला गेला.

मराठी वाचकाला ‘राजतरंगिणी’ परकी वाटू नये. तिचा एक गाजलेला इंग्रजी अनुवाद रणजित सीताराम पंडित या आपल्या कोकणी मुळाच्या माणसानं केला, तुरुंगात असताना, आणि तो १९३५ साली छापून आला.

माझ्या नातीकडे ग्रीक पुराणकथांचं पुस्तक आहे. हर्षाची गोष्ट तिला सांगितली तर ती म्हणाली, “आजी, हे पॅरिस आणि हेलनसारखं झालं.” खरंच आहे. स्पार्टाच्या राजाची राणी परक्या राजपुत्रानं नेली आणि ट्रॉयचं युद्ध झालं, असं ग्रीक सांगतात. इथं राणी जागची हलली नाही, युद्ध झालं नाही, तिला बहुधा पत्ताही लागला नाही. मला मात्र त्या पुस्तकात हेलनपेक्षा एक दुय्यम राणी जास्त जवळची वाटली. तिचं नाव लाओडेमिया.

ती थेसलीतल्या इओल्कसच्या राजघराण्यातली. आजोबा पेलियास, सोन्याच्या लोकरीसाठी जेसनला समुद्रापार धाडणारा राजा तो हाच. पुढे मेडियानं फसवून त्याच्याच मुलींच्या हातून त्याला मारवलं. नवऱ्याऐवजी स्वतः मरायला तयार झालेली अल्सेस्टिस ही लाओडेमियाची आत्या. वडील अकास्टस. तिचं लग्न फिलाकेच्या प्रोटेसिलाऊसशी झालं आणि लगेच तो ट्रॉयला गेला. त्या किनाऱ्यावर जो पहिला ग्रीक उतरेल तो मरेल, असं भाकीत होतं. प्रोटेसिलाऊस पहिला उतरला आणि मेला. होमर त्याच्या बायकोचं नाव सांगत नाही, फक्त गाल ओरबाडून रडणारी बायको आणि अर्धं बांधलेलं घर एवढंच सांगतो. नंतरच्या कथांत देव तिला तीन तासांपुरता नवरा परत देतात. तो गेल्यावर ती त्याची प्रतिमा करवून घेते आणि तिच्याशीच बोलत राहते. वडील ती प्रतिमा जाळायला लावतात तेव्हा ती त्याच आगीत उडी घेते. युरिपिडीसनं या नवराबायकोवर नाटक लिहिलं होतं, ते हरवलं. ऑव्हिडनं तिच्या नावानं एक पत्र रचलं, ते टिकलं.

प्रतिमेवर जीव लावणारी लाओडेमिया आणि चित्रासाठी शपथ घेणारा हर्ष यांत मला मोठं अंतर दिसतं. तिनं ज्याची प्रतिमा केली त्याला ती ओळखत होती. हर्षाला चंदलदेवी ठाऊकच नव्हती. आणि लाओडेमियाची सगळी ओळख प्रेमात आणि मरणात संपते, कारण तिच्याबद्दल कथेशिवाय दुसरं काहीच उरलेलं नाही. चंदलदेवीचं तसं नाही. तिच्या घरच्या बायकांचे लेख आहेत. दगडावर, तिथीवारासकट.

शिलालेखांत चंदलदेवीला अभिनव सरस्वती म्हटलं आहे, नृत्यविद्याधरी म्हटलं आहे. म्हणजे विद्या आणि नाच या दोन्हींत ती निष्णात होती आणि हे लोकांनी जाहीरपणे दगडावर कोरावं इतकं मान्य होतं. बिल्हणाला तिचे डोळे दिसले, तिची कला त्याच्या काव्यात उतरली नाही.

तिच्या सवतींची नावं वाचली की मला वाटतं, हा राणीवसा कमी आणि कचेरी जास्त असावी. लक्ष्मादेवी ही पट्टराणी. तिच्याकडे अठरा अग्रहार आणि डंबळ हे गाव कारभाराला होतं. गदगजवळच्या डंबळला तेव्हा तारादेवीचा बौद्ध विहार होता, आणि १०९५ च्या सुमाराचा तिथला लेख या राणीचं नाव सांगतो. सावलदेवीला राजानं तिच्या खर्चासाठी नरेगल हे अग्रहार दिलं होतं आणि ती त्याचा कारभार बघत होती. जक्कलदेवीचं गाव तर आमच्या बाजूचं, कलबुर्गी जिल्ह्यातलं इंगळगी. ही राणी जैन होती आणि राजा शैव. इंगळगीचा लेख सांगतो की राजाला तिचं जैनपण पसंत नव्हतं. तेवढ्यात एक व्यापारी जिनाची देखणी मूर्ती घेऊन दरबारी आला, आणि राजानंच ती राणीपुढे ठेवून सांगितलं की ही तुझ्या देवाची आहे, तुझ्या गावात हिची स्थापना कर. नवराबायकोतला हा प्रसंग मला बिल्हणाच्या सगळ्या जलविहारांपेक्षा मोलाचा वाटतो. श्रद्धा वेगळी असून संसार कसा टिकतो, याची साक्ष आहे ती.

अग्रहार म्हणजे ब्राह्मणांना करमुक्त दिलेलं गाव, जिथं पाठशाळा, देऊळ, तळं, शेती असं सगळं चालायचं. तिथला कारभार बघायचा म्हणजे वसुली कळली पाहिजे, पाण्याची पाळी ठरवता आली पाहिजे, तंटे मिटवता आले पाहिजेत. राणी स्वतः तलावावर उभी राहत नसेल, तिचे अधिकारी होते. पण दान तिच्या नावानं दिलं जाई आणि विनंती तिच्यापुढे येई.

आणि ही रीत विक्रमादित्यानं घातली नाही, ती घराण्यातच होती. त्याच्या वडिलांची राणी मैललदेवी १०५३ साली बनवासीचा मोठा प्रांत सांभाळत होती. दुसरी राणी केतलदेवी विजापूरजवळच्या होनवाडची व्यवस्था बघायची. तिच्या एका अधिकाऱ्यानं तिथं १०५४ च्या सुमारास जैन मंदिर बांधलं. आजोबांची बहीण अक्कादेवी तर लढणारी. किसुकाडचा प्रदेश तिच्याकडे होता, आणि १०४७ साली तिनं गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातला होता. लेखांत तिला रणभैरवी म्हटलं आहे. गोकाकचा धबधबा बघायला जाणाऱ्या मराठी माणसांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल?

विक्रमादित्याची एक मुलगी, तिचंही नाव मैललदेवी, गोव्याच्या कदंब राजा जयकेशी दुसरा याला दिली होती. कऱ्हाडहून कल्याणला सून आली आणि कल्याणहून गोव्याला लेक गेली. या लेकीसुनांच्या वाटा नकाशावर काढल्या तर आजचा महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा एकाच सोयरसंबंधात बांधलेले दिसतात.

जलसंगीला मी मुद्दाम गेले. हुमनाबाद तालुक्यातलं हे गाव, तिथं कल्मेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे, विक्रमादित्याच्याच काळातलं. बाहेरच्या भिंतीवर स्त्रियांची शिल्पं आहेत. कुणी शृंगार करते आहे, कुणी नाचते आहे. त्यांतच एक आहे जी लिहिते आहे. तिच्यापुढे पाटी आहे, हात अक्षरांवर आहे, आणि त्या पाटीवर खरोखरच संस्कृत ओळी कोरल्या आहेत, चालुक्य विक्रमादित्य सारी पृथ्वी आपली करील अशा अर्थाच्या. देवळात दिवा लावणाऱ्या एक आजीबाई मला बघून “बर्री अक्का, बर्री” म्हणत पुढे आल्या आणि हात धरून थेट त्या मूर्तीपाशी घेऊन गेल्या. गावाला ठाऊक आहे की बघायला येणारा माणूस हिच्यासाठीच येतो.

ही बाई चंदलदेवी आहे असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या राजधानीच्या परिसरातल्या शिल्पकाराला लिहिती स्त्री कोरावीशी वाटली, तिथं लिहित्या बायका लोकांच्या नजरेत होत्या, एवढं तरी धरायला हरकत नसावी. कवीला राणी दिसली ती नटलेली. पाथरवटानं नटलेलीच बाई घेतली आणि तिच्या हाती लेखणी दिली. त्या पाथरवटाला माझा नमस्कार.

याच कल्याणात विज्ञानेश्वर होता. कलबुर्गी जिल्ह्यातलं मर्तूर हे त्याचं गाव मानतात. याज्ञवल्क्य स्मृतीवरची त्याची ‘मिताक्षरा’ टीका पुढे जवळजवळ साऱ्या देशात वारसाहक्काचा आधार झाली. इंग्रजांच्या कोर्टांनीही तीच धरली. त्यात त्यानं स्त्रीधनाची व्याख्या रुंदावली. लग्नात मिळालेलं तेवढंच नव्हे, तर वारशानं, खरेदीनं, वाटणीत मिळालेलंही स्त्रीचं धन होय, असं तो म्हणाला. ज्या नगरात राण्यांच्या नावावर गावं होती त्या नगरात बसून हे लिहिलं गेलं, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही, जरी मी ते सिद्ध करू शकत नसले तरी. आणि विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ साली ‘मानसोल्लास’ पुरा केला, त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. आपल्या ओवीचा इतका जुना उल्लेख कल्याणच्या दरबारात झाला. कऱ्हाडची राणी असलेल्या त्या घरात मराठी ओवी कुणी गायली असेल का, हा विचार मी मनातून काढू शकत नाही.

शेवट मात्र कटू झाला. विक्रमादित्य ११२६ साली गेला. तीस-पस्तीस वर्षांत चालुक्यांचाच मांडलिक कलचुरी बिज्जळ यानं कल्याणची सत्ता घेतली. बसवेश्वर ज्याच्या पदरी होते तोच हा बिज्जळ. त्याला मदत कुणी केली? शिलाहार विजयादित्यानं, गंडरादित्याच्या मुलानं. त्याचा मुलगा दुसरा भोज याच्या लेखांत हे अभिमानानं लिहिलं आहे. म्हणजे चंदलदेवीच्या माहेरच्या भाच्यानं तिचं सासर बुडवायला हात लावला. ते बघायला ती तेव्हा असण्याचा संभव कमी, आणि मला त्यात बरंच वाटतं. पुढे शिलाहारही राहिले नाहीत. यादव सिंघणानं भोजाचं पन्हाळ्याचं राज्य घेतलं.

बसवकल्याणला चालुक्यांचा राजवाडा आज दिसत नाही. जो किल्ला आहे त्यावर नंतरच्या सुलतानांचा हात फिरला आहे. जवळ नारायणपूरला चालुक्यकालीन शिवमंदिर आहे, ते जरूर बघा. कऱ्हाडला लोक प्रीतिसंगमावर जातात, आगाशिवची लेणी बघतात. या गावची एक मुलगी कल्याणची राणी होती असं सांगणारी एक पाटीही मी तिथं पाहिलेली नाही.

वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख गोळा करून मराठीतही दिले आहेत. ते मोठ्या ग्रंथालयात मिळतात. कऱ्हाडच्या आणि कोल्हापूरच्या शिक्षकांनी ते काढून मुलांपुढे वाचावेत, मुलं कंटाळत नाहीत, माझा अनुभव आहे. आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावकऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. आमच्या भागात अजूनही कितीतरी लेख देवळाच्या पायरीत, विहिरीच्या काठावर, धुण्याच्या जागी पडले आहेत. भक्तीनं लोक त्यांना ऑइलपेंट देतात, सिमेंटमध्ये बसवतात, तारेच्या घासणीनं घासतात. असा अक्षरांचा दगड दिसला तर त्याला रंग लावू नका, घासू नका, जागेवरून हलवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढा, ग्रामपंचायतीत नोंद करा आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा. त्यातल्या एखाद्यावर चंदलदेवीचं नाव असू शकतं.